बेल्व्हेडिअरचे ग्रंथभांडार

कलकत्त्यात १८३६ साली लोकवर्गणीतून जे सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले, त्यास गव्हर्नर जनरल मेटकाफ यांनी फोर्ट विल्यम कॉलेजातील ४,६७५ ग्रंथ देवविले, आणि याच संग्रहातून पुढे आजच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा पाया घातला गेला. सचिवालयांतील दप्तरी ग्रंथसंग्रह एकत्र करून १८९१ मध्ये स्थापिलेले इंपीरियल ग्रंथालय बड्या अंमलदारांपुरतेच होते. व्हाइसरॉय कर्झनसाहेबाने, बंगालच्या फाळणीमुळे ज्याच्या नावाने बंगाल आजही बोटे मोडतो, ही दोन्ही एकत्र करून १९०३ मध्ये मेटकाफ हॉलात सर्वसामान्य वाचकांस खुली केली, हे श्रेय त्याच्या पदरात घातलेच पाहिजे. स्वातंत्र्यानंतर नाव पालटले, संग्रह अलीपूरच्या बेल्व्हेडिअर प्रासादात आला आणि १९५३ मध्ये मौलाना आझादांच्या हस्ते त्याचे दार उघडले; पुढील वर्षीच्या कायद्याने देशातील प्रकाशकांस प्रत्येक नव्या ग्रंथाची प्रत तेथे धाडणे बंधनकारक झाले.

परंतु कायद्याने जमविलेल्या ग्रंथांहून दानाने आलेले संग्रह मला अधिक मोलाचे वाटतात. वर्धमानकडील बुहारच्या जमीनदार घराण्याची अरबी-फार्सी हस्तलिखिते १९०४ मध्ये आली. शिक्षणतज्ज्ञ आशुतोष मुखर्जींचा अवाढव्य संग्रह आला. आणि औरंगजेब व शिवछत्रपती यांच्या चरित्रांसाठी आयुष्य वेचणारे, रियासतकार सरदेसायांचे जिवलग स्नेही जदुनाथ सरकार यांचा ग्रंथसंग्रहही तेथेच विसावला. म्हणून मराठेशाहीच्या अभ्यासकास पुण्याच्या पेशवे दप्तराइतकीच कलकत्त्याची वाटही धरावी लागते.