मद्रासचा वसंत आणि परसातली भाजी

मद्रास शहराला पंचांगातला वसंत कधीच नीट लागू पडला नाही. माघ सरला की तेथील सकाळ कोमट होते, फाल्गुनात दुपारचे रस्ते ओस पडू लागतात, आणि ज्या वैशाखात वसंताचा उत्तरार्ध मोजावयाचा त्या वैशाखात सारे शहर अंगाची लाही सोसत असते. तमिळ भाषेनेही सहा ऋतू मानले आहेत. पण चित्तिरै आणि वैकासी, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे दोन महिने, यांच्या ऋतूला तिने दिलेले नाव मोठे मार्मिक आहे. ते नाव ‘इळवेनिल’, म्हणजे कोवळा उन्हाळा. मराठी मनात वसंत म्हटला की पालवी आणि कोकिळा उभी राहते. तमिळ माणसाने त्या ऋतूला कोवळे म्हटले, पण ऊन म्हणावयास तो विसरला नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्याचा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु त्यावर भाजीचे वाफे जगतात आणि मरतात. शहराच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, सिरुसेरी नावाचे गाव आहे. नावाचा शब्दशः अर्थ लहान वस्ती. आज तेथे संगणक-उद्योगाची मोठी वसाहत उभी आहे, आणि पुण्या-नागपुराकडची अनेक कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने त्या परिसरात राहावयास आली आहेत. अशा घरातील नवशिका माणूस हौसेने भाजी लावावयास निघतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन मुहूर्त असतात. एक गुढीपाडव्याचा, कारण नवे वर्ष आणि नवी पालवी. दुसरा मृगाचा, कारण आजोबा-पणजोबांनी परसात भोपळ्याचे आळे केले ते मृगाच्या पहिल्या पावसावर. दोन्ही मुहूर्त तेथे दगा देतात. पाडव्याला टाकलेले बी रोप होते न होते तोच उन्हात सापडते. आणि मृगाची वाट पाहावी तर शहराच्या पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, परतीच्या वाऱ्यांबरोबर येतो.

मग त्या भूमीचा स्वतःचा मुहूर्त कोणता? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बराच मागे प्रवास करावा लागतो.

घरच्या भाजीविषयी आपल्या प्राचीन ग्रंथांनी मौन पाळलेले नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात कोणती जमीन कशाला द्यावी हे सांगताना नदीच्या फेसाळ पाण्याने धुतलेला काठ वेलफळांसाठी आणि विहिरीच्या कडेची ओल शाकमुळांसाठी राखली आहे. वात्स्यायनाचे नाव या संदर्भात ऐकून काहींना नवल वाटेल. पण कामसूत्रात गृहिणीची कर्तव्ये सांगणारा जो भाग आहे त्यात हिरव्या भाज्यांचे वाफे, उसाची बेटे, जिरे, मोहरी यांची लागवड तिच्याकडे सोपविली आहे. मुळा, काकडी, वांगे, कोहळा, दुध्या, सुरण, लसूण, कांदा अशी त्याची यादी आजही कोणत्याही मंडईत ओळखू येईल. त्याहून महत्त्वाचे असे की, बी धरून ठेवणे आणि ते योग्य काळी पेरणे, या दोन गोष्टी तो एका दमात सांगतो. योग्य काळ कोणता हे तो सांगत नाही. ते ज्या त्या प्रदेशाने ठरवावयाचे.

तमिळ प्रदेशाने ते ठरविले होते. तेथे पेरणीच्या हंगामाला ‘पट्टम’ म्हणतात. आडी महिन्याचे पट्टम, म्हणजे जुलैच्या मध्यापासूनचे, सर्वांत मोठे. त्या पट्टमाचा शोध घेऊन पेरा, असे सांगणारी म्हण शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे. दुसरे ‘तै’ महिन्याचे, पोंगल सणाला लागून येणारे, जानेवारीच्या मध्यापासूनचे. परतीच्या पावसाची ओल जमिनीत शिल्लक, विहिरींना पाणी, उन्हाला अजून धार नाही. भेंडी दीड महिन्यात हाती येते, दुध्या भोपळा दोन-सव्वादोन महिन्यांत. म्हणजे तैमध्ये पेरलेली भाजी पाडव्यापर्यंत ताटात पडते. ज्या दिवशी मराठी घर बी शोधू लागते त्या दिवशी शेजारच्या तमिळ घरात तोडणी चालू असते!

परसाला या मुलखात किती मान होता याची एक अस्सल साक्ष उपलब्ध आहे. अर्काटच्या नबाबाकडून 1763 साली चेंगलपट्टूची जहागीर ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. कंपनीच्या वतीने थॉमस बर्नार्ड या अधिकाऱ्याने 1767 ते 1774 या काळात सुमारे दोन हजार गावांची पाहणी केली, आणि त्या पाहणीबरोबरच गावोगावचे हिशेब ताडपत्रांवर नोंदले गेले. विसाव्या शतकात धरमपाल या गांधीवादी इतिहासकाराने या कागदपत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सिरुसेरीच्या दक्षिणेस असलेल्या तिरुप्पोरूर गावचे हिशेब तर पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्या पाहणीत तळी, मिठागरे, डोंगर, बागा यांच्याबरोबर घरे आणि त्यांची परसे यांच्या जागेचीही मोजणी आहे. कोकणातील माणसाला ‘परडे’ हा शब्द जसा घराचाच एक भाग वाटतो, तसेच तेथेही होते. सरकारी अधिकाऱ्याच्या पाहणीत ज्या वस्तूला स्वतंत्र रकाना मिळतो, ती वस्तू त्या समाजात क्षुल्लक नसते, एवढे तरी निश्चित म्हणता येईल.

त्या परसाचा कारभार काटकसरीचा होता. न्हाणीचे आणि भांडी विसळलेले पाणी केळीला व अळवाला जाई, जसे ते महाराष्ट्रातही जाई. कुंपणाला शेवगा. कोपऱ्यात अगत्ती, म्हणजे आपला हादगा. एकादशीचा उपवास द्वादशीला याच्याच पाल्याची भाजी खाऊन सोडण्याची रीत तेथील वैष्णव घरांत आहे, तर आपल्याकडे त्याच झाडाच्या नावाने मुली फेर धरतात. आणि सर्वत्र ‘कीरै’, म्हणजे पालेभाजी. तिचे प्रकार इतके की माठाच्याच कुळातील अरैकीरै, सिरुकीरै, मुळैकीरै ही निरनिराळी नावे. सिरुकीरै पेरल्यापासून तीन-साडेतीन आठवड्यांत उपटता येते. नवशिक्याच्या उतावळेपणाला याहून मानवणारी भाजी नाही.

तंजावरात सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजी राजांबरोबर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हे सारे नव्याने शिकावे लागले असणार. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल 1798 ते 1832) यांच्या काळचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी पाकग्रंथ सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. स्वयंपाकघर बदलले ते परसाच्या वाटेनेच बदलले असले पाहिजे.

इंग्रजांची गोष्ट निराळी. अठराव्या शतकात सेंट जॉर्ज किल्ल्याबाहेर नुंगंबाक्कम, एग्मोर, अड्यार या बाजूंस त्यांचे ऐसपैस बंगले उठले. त्यांना ‘गार्डन हाउस’ असेच नाव पडले. डॉ. जेम्स अँडरसन यांनी सैदापेट येथे निवडुंगाची बाग केली ती किरमिजी रंग देणारे किडे पोसण्यासाठी. तिचा भाजीशी संबंध नव्हता. 1835 साली मद्रासची कृषि-उद्यान संस्था निघाली, तिच्या स्थापनेत वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांचा पुढाकार होता. परंतु साहेबाच्या जिभेला हवे होते कोबी, गाजर, बीट. आणि ते मद्रासच्या उन्हात जीव धरीनात. अखेरीस ती हौस निलगिरीच्या थंडीत भागली. उदकमंडलम येथे 1840 नंतरच्या काही वर्षांत युरोपीय रहिवाशांनी दरमहा वर्गणी काढून भाजीची बाग चालविली, आणि 1848 साली विल्यम मॅकआयव्हर यांच्या हाती आलेल्या प्रसिद्ध वनस्पती-उद्यानाचे मूळ त्या वर्गणीच्या भाजीत आहे. आज तेथे गुलाब पाहावयास जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

याच शतकात इंग्रजीत बागकामाची हस्तपुस्तके निघाली. बंगालसाठी फर्मिंजर यांचे, पश्चिम भारतासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वुड्रो यांचे. हे लेखक शहाणे होते, त्यांनी हिंदुस्थानी महिने धरूनच लिहिले. पण पुस्तके बंगालची वा पुण्याची आणि वाचक सगळ्या देशाचा, असे झाले. त्यावर विलायतेतून येणाऱ्या बियांच्या पुड्यांनी ‘वसंतात पेरा’ ही सूचना घरोघर नेली. त्या सूचनेचे राज्य अजून संपलेले नाही. सैदापेटची शेतकी शाळा 1868 साली निघाली खरी, परंतु 1906 च्या सुमारास ती कोइमतूरला गेली आणि मद्रासच्या किनारी वाळूचा अभ्यास तिच्याबरोबर दूर गेला.

परसाची आठवण सरकारला झाली ती टंचाईत. महायुद्धात, 1943 साली, ‘अधिक धान्य पिकवा’ची चळवळ सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा उभारली गेली, आणि 1952 साली व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या समितीने तिची झडती घेऊन ती खेड्यातील थोड्याच लोकांपर्यंत पोहोचल्याचे सांगितले. 1965 साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी दिल्लीतील आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला. हाक सगळ्या देशाला एकच होती. पेरणीचा दिवस मात्र सगळ्या देशाला एक असू शकत नाही, ही गोष्ट भित्तिपत्रकावर मावत नाही.

दरम्यान शहराची भाजी परसातून बाजारात गेली होती. जॉर्ज टाउनमधील कोत्तवाल चावडी (दोन्ही शब्द मराठी कानाला ओळखीचे) हा घाऊक बाजार 1996 साली कोयंबेडूला हलला. त्याच वर्षी मद्रासचे नाव चेन्नई झाले. 2013 च्या सुमारास तामिळनाडू शासनाने गच्चीवर भाजी लावू इच्छिणाऱ्यांना बी, पिशव्या आणि काथ्याचा भुसा यांचा संच अनुदानाने देण्यास आरंभ केला. 2019 च्या उन्हाळ्यात शहराची तळी कोरडी पडली, आणि 2020 च्या मे महिन्यात करोनाच्या साथीमुळे कोयंबेडूचा बाजारच काही महिने बंद ठेवावा लागला. लक्षावधी घरांची भाजी एकाच दारातून येत होती, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

सिरुसेरीची जमीन उदार नाही. पूर्वेस बकिंगहॅम कालवा, ज्याचा शहरातील भाग 1877-78 च्या दुष्काळात पोटासाठी खोदला गेला. दक्षिणेस केळंबाक्कमची मिठागरे. वाळू सैल, पाणी पुष्कळ ठिकाणी मचूळ. घेवड्याच्या जातीला ते सोसत नाही. माठ, पालक, बीट यांना बरेचसे सोसते. म्हणून तेथील जाणते लोक पोंगलच्या आठवड्यात शेणखत व काथ्याचा भुसा मिसळून वाफा भरतात, सिरुकीरै फेकून पेरतात, कडेने भेंडी आणि वांगी, मांडवाला दुध्या. वांग्याला तमिळमध्ये ‘कत्तिरिक्काय’ म्हणतात, आणि सूर्य कृत्तिकेच्या आगेमागे असताना, मेच्या पहिल्या आठवड्यापासून जे ऊन पडते त्याला ‘कत्तिरि वेयिल’. कत्तिरि म्हणजे कात्रीही. त्या उन्हापूर्वी वाफा रिकामा करावयाचा. मांडवावर एखाददुसरा दुध्या तेवढा तसाच ठेवतात. त्याची साल लाकडासारखी कडक होऊन आत बी खुळखुळू लागले की तो उतरवितात आणि आडी महिन्यापर्यंत छपराखाली टांगून ठेवतात.