भिंतीआडची टाकी

भाऊबीजेला नांदेडहून लातूरला धाकट्या बहिणीकडे गेलो. ओवाळून होते न होते तोच तिने मला संडासाच्या दारात नेऊन उभे केले. "दादा, नीट ऐक." कान दिला, तर भांड्यात पाणी अखंड झिरपत होते. टाकी कुठे? भिंतीच्या पोटात! बाहेर दिसायला नुसती दोन बटणे.

या टाकीची कुळकथा मोठी मौजेची आहे. एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने पाण्याने धुऊन निघणाऱ्या शौचकूपाचे वर्णन १५९६ साली पुस्तकात छापले. पण पावणेदोनशे वर्षे ते फारसे कुणी मनावर घेतले नाही. दुर्गंधीची वाट अडवणाऱ्या वाकड्या नळीचे पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घेतले. वेळेचे गणित जाणणाऱ्याला हे सुचावे, यात मला नवल वाटत नाही. पुढे साखळीची लोखंडी टाकी आली. ती डोक्यावर असे. बिघडली तर स्टुलावर चढावे, की सारे उघडे. भिंतीत दडवायची टाकी स्वित्झर्लंडमध्ये १९६४ साली बाजारात आली आणि बिघाडही तिच्याबरोबर दडला.

आम्ही गोदाकाठचे; एवढ्याशा पाझराला आम्ही हसलो असतो. पण मिनिटाला पाव लिटर म्हटले तरी दिवसाला ३६० लिटर होतात, आणि हे लातूर. २०१६ च्या मार्चमध्ये येथे पाण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली: दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हापासून बहिणीच्या मोरीतले पिंप कधी रिते राहिलेले नाही.

बटणांची पट्टी वर सरकवून काढली. आत हात जाईल एवढीच खिडकी. प्रथम आतली तोटी बंद केली आणि पाण्याच्या पातळीवर नजर ठेवली. पातळी उभ्या नळीच्या तोंडाशी येऊन थांबली असती, तर दोष पाणी भरणाऱ्या झडपेचा. ती बंद होत नाही आणि जादा पाणी नळीतून भांड्यात उतरते. येथे पातळी त्याहून खाली उतरतच गेली. म्हणजे तळाचे रबर बसत नव्हते. ते काढले, तर बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर त्यावर चढलेला. लिंबाच्या रसात भिजवून पुसले, बैठकही पुसली. पाझर कमी झाला, पण थांबला नाही. रबराची कडच कडक झाली होती.

मेहुणे सायकलवरून दोन दुकाने फिरून आले. भाऊबीज! सारी बंद. तोटी फिरवून ठेवली आणि पिंपाशेजारी बादली-तांब्या मांडला. नवे रबर पांडवपंचमीला मिळाले.