मधाचा ‘अभाव’ आणि मधाचे ‘असात्म्य’

मध ज्यास मानवत नाही त्याने औषध कोणत्या अनुपानातून घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा आहे. परंतु त्याचे परंपरागत उत्तर एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून असल्यामुळे तो शब्देतिहासाच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात तर त्याचा विचार विशेष उद्बोधक होईल. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली नगर येथे आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले आणि औषधींच्या गुणधर्मांचे विवेचन मराठीत ग्रंथबद्ध केले. पुढे याच जिल्ह्यात, लोणीनजीक, सहकारी साखर कारखान्याचे गाळप 1950-51 च्या हंगामात सुरू झाले. वैद्याच्या खलातील मध आणि शेतकऱ्याचा ऊस, अशा दोन्ही गोडींशी या जिल्ह्याचा संबंध आहे.

‘मध बाधला’, ‘मध सोसत नाही’, ‘मध मानवत नाही’ असे आपण बोलतो. या क्रियापदांतून कारणाचा बोध होत नाही. संस्कृत वैद्यकाची परिभाषा अधिक नेमकी आहे. तापविलेला मध किंवा समभाग तूप-मध वर्ज्य मानला तो सर्वांसाठी. हा ‘विरुद्धा’चा प्रांत होय. ‘सात्म्य’ हे मात्र व्यक्तिपरत्वे बदलते. ‘आत्मन्’ हा त्या शब्दाचा गाभा आहे. जे आपल्या देहाशी एकरूप होते ते सात्म्य, न होणारे ते असात्म्य.

आता भावप्रकाशातील प्रतिनिधिद्रव्यांचा नियम पाहू. मध न मिळाल्यास जुना गूळ योजावा, असे तेथे सांगितले आहे. येथे अट आहे ती ‘अभावा’ची, असात्म्याची नव्हे. ‘मिळत नाही’ यासाठी सांगितलेला पर्याय ‘सोसत नाही’ यासाठीही चालेल, असे गृहीत धरण्याचा मोह सहज होतो. तो कितपत ग्राह्य आहे?

आधुनिक वैद्यक येथे निदान तीन अवस्था वेगळ्या मानते. पहिली ॲलर्जी, ही संज्ञा 1906 साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी रूढ केली. मधातील पराग अथवा मधमाशीची प्रथिने यांमुळे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वास कोंडतो. अशा माणसास गूळ सहसा चालतो. मात्र थोडा थोडा मध चाटून सवय करू पाहणे धोक्याचे. दुसरी अवस्था फलशर्करेच्या अपुऱ्या शोषणाची. मधात द्राक्षशर्करेपेक्षा फलशर्करा अधिक असते. ती आतड्यात उरल्याने पोट फुगते, जुलाब होतात. गुळातील मुख्य शर्करेत दोन्हींचे प्रमाण सारखे असल्यामुळे तो बेताने बहुधा सोसतो. तिसरी अवस्था आनुवंशिक असून 1956 साली इंग्लंडमध्ये प्रथम वर्णिली गेली. यकृतातील एका विकराच्या न्यूनतेमुळे फलशर्करा विषवत् ठरते. वांत्या होतात, रक्तातील साखर घटते, यकृत बिघडते. येथे गूळ, साखर आणि फळे मधाइतकीच घातक. परंपरेचा पर्याय येथे सर्वस्वी फसतो.

जातकर्मातील मध-तुपाचे चाटण हा आणखी वेगळा प्रश्न होय. मधातील जंतुबीजांमुळे तान्ह्या मुलास बोट्युलिझम हा पक्षाघातकारक रोग होऊ शकतो, हे 1976 नंतर कळून आले. म्हणून एक वर्षाखालील कोणत्याही बालकास मध देऊ नये. हा नियम सर्व बालकांना लागू असल्याने त्यास असात्म्य म्हणता येणार नाही. मधाऐवजी गूळ चाटविणेही इष्ट नव्हे. वरील आनुवंशिक विकार असलेल्या बालकास तोच बाधेल.

यावरून भावप्रकाशकार चुकले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी अभावाचे उत्तर दिले. असात्म्याचा प्रश्न त्या नियमापुढे नव्हताच. तेव्हा ‘मध बाधतो’ असे कोणी म्हणाल्यास पर्याय सुचविण्यापूर्वी केव्हा, किती घेतल्यावर आणि कसा बाधतो, हे विचारणे अगत्याचे आहे. साखर, फळे यांनीही तसेच होते काय, हेही विचारावे. शब्दांतील भेद जपला, तर रोग्याचेही हित साधेल.