महामारीतली रक्ताची पिशवी

आजचा इतिहास फार जुना नाही, आपण सगळे त्यातून गेलोय.

23 मार्च 2020 ला आपल्या शेजारच्या इस्लामपुरात एकाच कुटुंबातल्या चौघांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी. माणूस माणसाच्या शिंकेला भीत होता. मग दुसऱ्याचं रक्त चढवून घ्यायचं कसं, ही शंका मनात येणारच.

ही शंका काही अडाणीपणाची नव्हती, तिच्यामागे इतिहास होता. 1986 साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. रक्तातून हा विषाणू पसरतो म्हणून 1989 पासून प्रत्येक पिशवीची तपासणी सक्तीची झाली. तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारे होते. गरजेपोटी आजार लपवणारेही होते. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून रक्तविक्री बंद झाली. ती जागा भरून काढली आपल्या शिबिरांनी. जयंती असो, गणेशोत्सव असो, साहेबांचा वाढदिवस असो, मांडवात खाटा पडल्याच!

आता कोरोनाकडे येऊ. हा श्वासावाटे पसरणारा विषाणू. काही रुग्णांच्या रक्तात त्याचे अंश सापडले, पण रक्त चढवल्यामुळे कोरोना झाल्याचं सिद्ध झालं नाही. तरीही 2020 च्या मार्चमध्येच राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने खबरदारी घेतली: परदेशातून आलेल्याने, बाधिताच्या संपर्कातल्याने आणि बरं झालेल्यानेही 28 दिवस रक्त द्यायचं नाही.

म्हणजे धोका पिशवीत नव्हता. तो होता शिबिराच्या गर्दीत, आणि त्याहून मोठा रिकाम्या फ्रिजमध्ये. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. कॉलेजं बंद, कचेऱ्या बंद, जत्रा बंद. शिबिर भरवायचं कुठे? पण थॅलेसेमियाच्या लेकराला दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. बाळंतपणातला रक्तस्राव काही टाळेबंदी बघून थांबत नाही. मग वेळ ठरवून, चार-चार जणांना बोलवून लहान शिबिरं सुरू झाली. डिसेंबर 2020 मध्ये तर आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना रक्तदानासाठी जाहीर आवाहन करावं लागलं.

पुढे लस आली आणि नवाच पेच पडला. मार्च 2021 चा नियम असा, की शेवटच्या डोसनंतर 28 दिवस रक्तदान नाही. 1 मे पासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली. रक्तदाते तर याच वयातले! म्हणून ‘आधी रक्तदान, मग लस’ अशी हाक गावोगाव गेली. मे महिन्यातच हा काळ प्रत्येक डोसनंतर 14 दिवसांवर आणला गेला.

याच काळात प्लाझ्मासाठी नातेवाईक रात्र-रात्र धावले. 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, आणि मे 2021 मध्ये तो उपचार सूचनांमधून वगळला गेला.

यातून आपण काय घ्यायचं? एचआयव्हीने शिकवलं, की न तपासलेलं रक्त जीव घेतं. कोरोनाने शिकवलं, की वेळेवर न मिळालेलं रक्तही जीव घेतं. सुरक्षित रक्ताच्या या दोन बाजू. पहिली प्रयोगशाळा सांभाळते. दुसरी आपल्यालाच सांभाळायची आहे, आणि तीही वाढदिवसाची वाट न बघता.