जुगार आणि विवेकी स्वार्थाचे तत्त्वज्ञान

रशियात जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या लेखिका आयन रँड (१९०५-१९८२) यांच्या विचारप्रणालीला 'ऑब्जेक्टिव्हिझम' अर्थात वस्तुनिष्ठवाद म्हणतात. स्वतःचे जीवन विवेकाने जोपासणे हाच माणसाचा नीतिधर्म, हे तिचे मुख्य सूत्र. स्वार्थाची उघड तरफदारी करणाऱ्या या मताला जुगारी जवळचा वाटत असेल, असा समज सहज होतो. रँड यांच्या विचारांतून निघणारा निष्कर्ष मात्र उलट आहे.

मनाला येईल ते करणे म्हणजे स्वार्थ, हे रँड यांना मान्य नव्हते. 'द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस' (१९६४) या निबंधसंग्रहात त्यांनी विवेकशीलता, उत्पादनशीलता व स्वाभिमान हे प्रमुख सद्गुण मानले. न कमावलेल्याची हाव त्यांना त्याज्य वाटे. युरोपीय रूलेच्या चक्रावर ० ते ३६ असे ३७ खण असतात; एका अंकावरची पैज लागली तर नफा मात्र ३५ पटच मिळतो. म्हणजे लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे जाणारच. हे ठाऊक असूनही 'आज नशीब उघडेल' म्हणणारा वास्तवाकडे डोळेझाक करतो, आणि अशी डोळेझाक हाच या तत्त्वज्ञानात मूळ दुर्गुण होय. जुगाऱ्याला स्वतःचे हित पुरेसे कळलेले नसते, असाच याचा अर्थ.

मग उद्योजकाचे धाडसही जुगारच का? 'ॲटलस श्रग्ड' (१९५७) या कादंबरीतील हँक रिअर्डन नव्या मिश्रधातूसाठी दहा वर्षे खर्ची घालतो. धोका तोही पत्करतो. पण फसलेल्या प्रत्येक प्रयोगातून त्याचे ज्ञान वाढते. रूलेचे चक्र शंभर वेळा फिरले तरी पुढच्या अंकाविषयी काहीच कळत नाही. परवडेल तेवढीच रक्कम ठरवून करमणुकीसाठी खेळणाऱ्याला हा आक्षेप फारसा लागू पडत नाही. नाटकाच्या तिकिटासारखाच तो खर्च.

कायद्याचा प्रश्न निराळा. बळजबरी व फसवणूक यांपासून व्यक्तीच्या हक्कांचे रक्षण करणे, एवढेच शासनाचे काम असे रँड मानीत. त्यामुळे सज्ञान माणूस स्वखुशीने पैसे हरत असेल, तर त्याला रोखण्याचा अधिकार शासनाला उरत नाही. गंमत अशी, की सक्तीच्या करांना ऐच्छिक पर्याय सुचवताना त्यांनी याच संग्रहात सरकारी लॉटरीचाही उल्लेख केला आहे. विवेकी माणसाने ज्यापासून दूर राहावे, त्याच्याच पैशावर विवेकी शासन चालावे काय? लॉटरीचे तिकीट कोणावर लादले जात नाही, एवढेच उत्तर त्यांच्या तर्कात सापडते. आणि ते फारसे समाधानकारक नाही.