काखेतला काळेपणा आणि शंभर वर्षांची लाज

भिवंडीजवळच्या पूर्णाहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आलाय. त्या तिथल्या गोदामात पॅकिंगला असतात. म्हणतात, "रेझर फिरवायला लागल्यापासून काखा काळ्या पडल्यात. बहिणीच्या हळदीसाठी स्लीव्हलेस ब्लाउज शिवलंय. आता घालू की नको?"

ताई, उत्तर देते. पण आधी ही लाज आली कुठून, ते बघू.

केस काढणं आपल्याकडे नवं नाही. सुश्रुतसंहितेत त्यासाठी शंखाचं चूर्ण आणि हरताळ यांचा लेप सांगितलाय. पोथीतली चूक पुसायलाही हाच पिवळा हरताळ लावत. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. त्यात आर्सेनिक असतं, म्हणजे विषच. तेव्हा कुणी करून बघू नका! पण आपल्या आज्या-पणज्यांच्या चोळीला बाही असायची. काख दिसायचीच नाही, मग तिच्या रंगाची चर्चा कोण करणार?

चर्चा सुरू केली बाजाराने. 1915 साली अमेरिकेत बिनबाह्यांचे झगे आले, आणि त्याच वर्षी जिलेटने बायकांसाठी पहिला रेझर काढला. जाहिराती सांगू लागल्या, काखेतले केस म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. आपल्याकडे 1975 मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली. नावातलं 'फेअर' जायला 2020 उजाडलं. आधी केसांची लाज, मग रंगाची. दोन्हींवर औषध दुकानात तयार!

आता काळेपणाचं कारण. ब्लेड केस वरच्यावर कापतं, मूळ आतच राहतं. ते कातडीखालून काळपट दिसतं. ती सावली घासून जात नाही. दुसरं म्हणजे कोरड्यावर फिरवलेलं बोथट ब्लेड, लगेच मारलेला डिओ, घामेजलेला सिंथेटिक युनिफॉर्म. यांनी कातडी चिडते आणि जास्त रंग तयार करते. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत हे जास्त होतं.

म्हणून अंघोळीनंतर, साबणाचा फेस लावून, नव्या ब्लेडने, केसांच्या दिशेने. डिओ दुसऱ्या दिवशी. लिंबू-सोडा अजिबात नको, आग होऊन डाग वाढतो. काही आठवडे रेझर बंद ठेवला तरी फरक पडतो.

खरी भीती वेगळीच आहे. 'आठ दिवसांत गोरं' करणाऱ्या बिननावाच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड किंवा पारा असू शकतो. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, काखेत तर लवकरच, आणि कायमचे व्रण उठतात. पाऱ्याने किडनी बिघडते. म्हणूनच 2018 मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पारा घालून सौंदर्यप्रसाधनं बनवायलाही मनाई आहे. तरी असा माल मिळतोच.

आणखी एक. कातडी मखमलीसारखी जाड झाली असेल, मानही काळवंडली असेल, तर दोष रेझरचा नसावा. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. तेव्हा क्रीमच्या आधी साखर तपासा. सरकारी दवाखान्यातही होते.

आणि ताई, ब्लाउज घालाच. हळदीत हात वर करून नाचायचं असतं!

भेटू पुढच्या भागात.