छातीचा एक्स-रे : क्षयरोगातील वाचन

छातीतून आरपार गेलेल्या क्ष-किरणांच्या छायांवरून फुप्फुसाच्या क्षयाचा संशय घेण्याची पद्धत. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये हे किरण शोधले. हवेने भरलेले फुप्फुस फोटोत काळे दिसते. हाड, हृदय आणि साचलेले पाणी पांढरे.

फोटो नीट निघाला आहे का, हे आधी पाहायचे. रुग्णाने अर्धवट श्वास घेतला असेल तर फुप्फुसांचे तळ पांढुरके दिसतात आणि न्यूमोनियाचा भास होतो. खाटेवर झोपवून काढलेल्या फोटोत हृदय उगाच मोठे दिसते.

प्रौढांमधला क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो. नेमकी तिथेच गळ्याचे हाड आणि पहिली बरगडी आड येते, म्हणून उजवे-डावे शिखर एकमेकांशी ताडून पाहावे लागते. पांढुरक्या भागात जाड कडेची काळी पोकळी दिसली, तर संशय बळावतो. अशा पोकळीत जंतू भरपूर असतात आणि रुग्णाच्या खोकल्यातून ते पसरतात. लहान मुलांत फुप्फुसाच्या मुळाशी गाठी वाढतात. जंतू रक्तातून पसरले, तर दोन्ही फुप्फुसभर बाजरीएवढे ठिपके उमटतात. एचआयव्हीबाधितांत पोकळी अनेकदा नसते. फोटो स्वच्छ असूनही क्षय असू शकतो. छातीत साधारण २०० मिलिलिटर पाणी झाले, की उभ्याने काढलेल्या फोटोत तळाचा टोकदार कोन बोथट होतो.

‘डाग आहे’ एवढ्यावरून क्षयाचे औषध सुरू करणे घातक ठरू शकते. बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण, कर्करोग, बुरशी, दगडखाणीतल्या धुळीने होणारा सिलिकोसिस, या सगळ्यांचे डाग फसवे असतात. निदान पक्के होते ते थुंकीतील जंतू सापडल्यावर. त्यासाठी सीबीनॅट किंवा गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट चाचणी करतात. जुना एक्स-रे जपून ठेवलेला असला, तर फार उपयोग होतो. दोन वर्षांत तसूभरही न बदललेला डाग बहुधा जुना व्रण असतो.

थुंकी निर्णायक असली, तरी ती कोणाची तपासायची हे एक्स-रेच दाखवतो. भारताच्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेले सुमारे ४३ टक्के रुग्ण एक्स-रे नसता तर निसटले असते, कारण त्यांना विचारण्याजोगी लक्षणेच नव्हती. जिथे फोटो वाचणारा डॉक्टर नाही, तिथे चाळणीसाठी संगणकीय वाचन वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. मात्र १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींपुरतीच.